कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली आहे: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बाकीच्या धडपडत बाहेर येतात आणि एक मागे राहते. पिसं फुगवलेली, मान खांद्यात ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट खाली. कणी टाकली तर येते, चोच दाण्यापर्यंत नेते, पण दाणा उचलत नाही. दोन-तीन दिवसांपासून अंडं नाही. तुरा फिका, किंवा टोकाला निळसर. शेपटीखालची पिसं शिटेने चिकटलेली. ही सगळी लक्षणं एकाच वेळी नसतात, पण यातली दोन-तीन दिसली की कोंबडी आजारी आहे असं धरूनच चालायचं.

यापलीकडची काही लक्षणं आहेत. ती दिसली तर खालच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, सरळ "इथे थांबा" या भागाकडे जा:

- मान वाकडी किंवा उलटी वळणं, पाय किंवा पंख लुळे पडणं
- सावलीत, गार वेळेलाही चोच उघडी ठेवून घशातून आवाज करत श्वास घेणं
- चेहरा सुजणं, तुरा जांभळा-काळा पडणं
- दोन दिवसांत दोन किंवा जास्त कोंबड्या दगावणं, किंवा एकाच वेळी तीन-चार गप्प होणं

आम्ही मुंबईतल्या गोराईला राहतो. घरामागे आठ-दहा कोंबड्या कायम असतात, बहुतेक गावठी, दोन-तीन गिरिराज जातीच्या. आधी आई बघायची, आता मी बघते. आजूबाजूच्या घरांतून "ताई, आमची कोंबडी गप्प बसलीय, जरा येता का" असं बोलावणं महिन्यातून एक-दोनदा येतंच. जाऊन बघते तेव्हा दहांतल्या सहा-सात वेळा कारण साधं निघतं: पाणी, ऊन, उवा, नाहीतर गळ्यात अडकलेलं काहीतरी. तरी बहुतेकांनी तोवर दुकानातून आणलेलं अँटिबायोटिक पाजून झालेलं असतं. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे, फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करून.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. कोंबडी आजार लपवते. कळपात अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचतात, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती सगळ्यांबरोबर हिंडते, टिपल्यासारखं करते. तुम्हाला ती आजारी "दिसली" म्हणजे आजार एक-दोन दिवसांचा जुना आहे. उद्या बघू म्हणून टाळू नका.

आधी वेगळी करा

मोठा पुठ्ठ्याचा खोका किंवा डालगं घ्या, तळाला वर्तमानपत्र अंथरा, सावलीत आणि वाऱ्याच्या थेट झोतापासून दूर ठेवा. आत एका वाटीत पाणी, एका वाटीत दाणा. याला पैसे पडत नाहीत आणि फायदे तीन आहेत. बाकीच्या तिला टोचत नाहीत, रोग असेल तर पसरायला कमी वाव मिळतो, आणि ती किती पिते, किती खाते, शीट कशी टाकते ते नेमकं कळतं. दहा कोंबड्यांत कोणाची शीट कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. वाट्या मोजून भरा. अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम दाणा खाते आणि २०० ते २५० मिली पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. हा हिशेब डोक्यात असला की संध्याकाळी वाट्या बघून बरंच कळतं.

बाकीच्यांना दाणापाणी आधी द्यायचं, आजारी कोंबडीचं शेवटी करायचं आणि मग साबणाने हात धुवायचे. उलट क्रमाने केलं तर रोग तुमच्याच हातांनी खुराड्यात जातो.

खरंच आजारी आहे का?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडीही फुगते, हलत नाही, कमी खाते, अंडी बंद करते. पण तिला हात लावायला जा, ती अंग दुप्पट करते, गुरगुरते, चोच मारते. आजारी कोंबडी हात लावू देते. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा-दोनदा उठून भराभर खाते, पिते आणि एकदम मोठी, घाण वासाची शीट टाकून परत बसते. ते बघून पुष्कळ जण घाबरतात. तो आजार नव्हे.

पिसं गाळायच्या दिवसांतही कोंबडी मलूल होते, अंडी थांबतात, अंगावर नव्या पिसांची टोचरी खोडं दिसतात. तेव्हा सुकट किंवा सोयाबीनचा भरडा वाढवा, कारण पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, आणि तिला सारखी उचलू नका, नवी खोडं दुखतात.

आणि हो, "अंग तापलंय, ताप आलाय" असं हाताने ठरवू नका. धडधाकट कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. आपल्या हाताला ती नेहमीच गरम लागणार. माणसांच्या तापाच्या गोळ्या तर देऊच नका.

पाणी आणि उष्मा

पाण्याचं भांडं स्वतः जाऊन बघा. "पाणी ठेवलंय" हे पुरेसं नाही. भांडं उन्हात आहे का, तळाला हिरवं शेवाळ आहे का, त्यात शीट पडली आहे का, दांडगी कोंबडी बाकीच्यांना हाकलते का. कोमट पाणी कोंबडी कमी पिते. भांडी दोन ठेवा, लांब लांब, दोन्ही सावलीत.

मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे कोंबड्यांचे वाईट महिने. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातल्या ओलाव्यावाटे अंग गार करते. आपल्याकडची हवाच दमट, त्यामुळे तो ओलावा लवकर उडत नाही. म्हणून नागपूरच्या उन्हापेक्षा पारा कितीतरी खाली असतानाही आपल्याकडच्या कोंबड्या दुपारी हैराण होतात, त्यात पत्र्याचं खुराडं असेल तर फारच. पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, डोळे मिटलेले असं दिसलं तर तिला सावलीत आणून पाय साध्या पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका, धक्क्यानेच जाते. पत्र्यावर ओलं गोणपाट टाका. दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्या, पचनाने अंगात उष्णता वाढते म्हणून दुपारी नको. एक-दोन तासांत कोंबडी उठून फिरायला लागली तर पुढचं काही करायची गरज नाही. सतत धापा टाकल्याने अंड्याची कवचं पातळ होतात, हेही याच दिवसांत दिसतं. तो वेगळा रोग समजू नका.

अशक्त कोंबडीला माणसांचं ओआरएस पाण्यात मिसळून अर्धा दिवस द्यायला हरकत नाही, पण शेजारी साधं पाणीही ठेवा. पाजायची वेळ आली तर चोचीच्या कडेला थेंब सोडा, ती स्वतः गिळेल. सिरिंज तोंडात घालून जोरात दाबू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. औषध पाजता पाजता गेलेल्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत.

वर्तमानपत्रावरची शीट

चांगली शीट म्हणजे तपकिरी-हिरवट घट्ट गोळा, वर पांढरी टोपी. पांढरा भाग कोंबडीच्या लघवीचा. आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट आणि घाण वासाची असते, तीही नॉर्मल.

नुसतं पाणी आणि पांढरं दिसलं तर उष्मा, किंवा खाणं बंद. गडद हिरवी आणि पातळ म्हणजे दिवसभर पोटात काही गेलेलं नाही, नुसतं पित्त उतरतंय. पण हिरवी शीट आणि त्याबरोबर श्वासाचा त्रास असेल तर राणीखेत या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. लाल, रक्ताची शीट, विशेषतः पिल्लांत आणि तलंगांत (तरुण कोंबड्यांत), म्हणजे रक्ती हगवण. ही आपल्याकडची पावसाळ्यातली खास गोष्ट. या रोगाचे सूक्ष्म जंतू शिटेवाटे बाहेर पडतात आणि उबदार, ओल्या जागी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. जुलैतल्या खुराड्याची जमीन म्हणजे नेमकी तीच जागा. तूस किंवा भुसा मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर तो ओला आहे, काढून टाका आणि कोरडा टाका. याचं औषध, अँप्रोलियम, पाण्यातून देतात. मात्रा डॉक्टरांना वजन सांगून विचारा. एक चूक मी वारंवार बघते: अशक्त दिसते म्हणून त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्सही देतात. अँप्रोलियम त्या जंतूंना बी-१ मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. वरून आपणच बी-१ दिलं की औषध निकामी. आधी औषधाचे दिवस पुरे करा, टॉनिक नंतर.

गळ्याखालची पिशवी

हे पहाटे करायचं, दाणा टाकण्याआधी. कोंबडी काखेत धरा आणि छातीच्या वर, तिच्या उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. रात्रभरात ही पिशवी रिकामी झालेली असायला हवी. संध्याकाळी भरलेली लागली तर त्यातून काहीच कळत नाही, ती भरलेली असायचीच.

पहाटेही कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर आत काहीतरी अडकलं आहे. पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आत आंबलं आहे. पहिल्या प्रकारात चोचीच्या कडेने खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब सोडा, पाच मिनिटं बोटांनी हलकेच चोळा, दाणा बंद ठेवा, पाणी चालू. दिवसातून तीन-चार वेळा. दुसऱ्या दिवशी पहाटे लहान झाली तर दही-भाताइतकं मऊ थोडंथोडं सुरू करा. आंबलेल्या पिशवीसाठी कोंबडी उलटी धरून ओकायला लावायची पद्धत आहे. ते करू नका. ओकलेलं श्वासनळीत गेलं की मिनिटभरात खेळ संपतो.

आमच्या कोळीवाड्याच्या बाजूला हे प्रकरण जास्त. का ते मला एका कोंबडीने दाखवलं. पिशवी तीन दिवस घट्ट, तेलाने काही होईना. चोच उघडून टॉर्च मारला तर जिभेच्या मुळाशी निळ्या नायलॉनचं एक टोक दिसत होतं, जाळ्याच्या धाग्याचं. ओढावंसं वाटलं, पण ओढलं नाही. दुसरं टोक कुठे गुंतलंय ते माहीत नसताना ओढलं तर आतडं कापलं जातं. डॉक्टरांनी पिशवीला चीर देऊन काढलं तेव्हा वीतभर धाग्याचा गुंता, गवत आणि थर्माकोलचे पांढरे मणी असा लिंबाएवढा गोळा निघाला. मासळीच्या खोक्यांचा थर्माकोल कोंबड्या आवडीने टिपतात. तेव्हापासून रोज अंगण झाडताना धागा, थर्माकोल, रबरबँड आधी उचलते आणि मगच कोंबड्या सोडते. शिळा पाव आणि भाताचे ढीगही घालू नका, ते पिशवीत आंबतात.

रात्री टॉर्च घेऊन

तुरा फिका, कोंबडी हळूहळू खंगते, पण शीट बरी आणि पिशवी रिकामी: अशा वेळी उवा-पिसवा बघा. दिवसा पंखाखालची आणि शेपटीखालची पिसं फुंकर मारून वेगळी करा. पिसांच्या मुळाशी पांढरट लिखांचे गुच्छ दिसतील, पिवळसर उवा पळताना दिसतील. पण रक्त पिणारे लाल पिसवे दिवसा अंगावर नसतातच. ते फळ्यांच्या फटीत लपतात आणि रात्री येतात. म्हणून कोंबड्या डालल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा, बसायच्या दांडीखालून पांढरा कपडा पुसत फिरवा. कपड्यावर लाल डाग उमटले तर कारण सापडलं.

औषध कोंबडीपेक्षा खुराड्याला जास्त लागतं. सगळं बाहेर काढा, उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा, फटींत चुना भरा. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख द्या. रॉकेल अंगाला लावू नका, कातडी भाजते. पावडर वापरायची तर पशुवैद्यांनी सांगितलेलीच, आणि आठ-दहा दिवसांनी परत एकदा, कारण पहिल्या खेपेला लिखा मरत नाहीत. लोक एकदा करून सोडतात आणि महिन्याने पुन्हा बोलावतात.

तुरा, चेहरा, पाय

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळसर खपल्या म्हणजे कोंबड्यांना येणाऱ्या देवी. डासांमुळे पसरतात, म्हणून पावसाळा सरता सरता दिसतात. नुसत्या खपल्या असतील तर दोन ते चार आठवड्यांत बऱ्या होतात. खरवडू नका, डास कमी करा. तोंडाच्या आत पिवळे चट्टे असतील तर गिळणं आणि श्वास दोन्ही अडतं, मग डॉक्टर. नाकातून घाण वासाचा चिकट स्राव आणि डोळ्याखाली सूज असेल तरीही डॉक्टर. तळपायाला काळा खडा आणि सूज असेल तर दांडी खरखरीत किंवा फार उंच आहे.

छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं असावं. हाड सुरीसारखं धारदार लागलं तर आजार कालचा नाही, कित्येक आठवड्यांचा आहे. जंताची शक्यता असते, पण इतकी खंगलेली कोंबडी स्वतःच्या मनाने जंताचं औषध देऊन उठत नाही.

अंडं अडकलंय का

ही सगळ्यात नाजूक तपासणी, म्हणून शेवटी. कोंबडी पाय फाकवून, शेपूट खालीवर करत, ताठ उभी चालते, सारखी अंडं घालायच्या जागी जाऊन परत येते, जोर करते. नवीन तलंगांत आणि वयस्क कोंबड्यांत जास्त. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला. कवचाला आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की अंडं वाटेतच राहतं.

पोट आपल्या अंगाच्या ऊबेपेक्षा किंचितच गरम पाण्यात, कोपराला सोसेल इतक्याच, पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. टॉवेलने टिपा, शेपटीखाली खोबरेल लावा आणि अंधाऱ्या, शांत खोक्यात दोन तास ठेवा. सारखं उघडून बघू नका. गरज वाटली तर हे आणखी एकदा. पोट दाबून अंडं काढू नका. आत फुटलं तर कवचाचे तुकडे लागतात, जंतुसंसर्ग होतो आणि मग कोंबडी वाचणं कठीण. दुसऱ्या खेपेनंतरही अंडं आलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. कॅल्शियमचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर पुष्कळ वाचतात.

पुन्हा होऊ नये म्हणून तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या शिंपल्या धुऊन, भाजून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका, जिला हवं ती आपली घेते.

इथे थांबा

मान वाकडी, लुळेपणा, हिरवी शीट आणि धाप हे एकत्र दिसलं तर राणीखेत असू शकतो, आपल्याकडे त्यालाच मानमोडी म्हणतात. तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. एका श्रावणात मी तीन दिवस अँटिबायोटिक पाजत बसले, आणि त्या तीन दिवसांत मर सगळ्या खुराड्यात पसरली. नऊपैकी दोन राहिल्या. ते तीन दिवस आठवले की अजून वाईट वाटतं, कारण तेव्हा वेगळ्या करायच्या कोंबड्या मी एकत्रच ठेवल्या होत्या.

यावर उपाय एकच, आधी दिलेली लस: पिल्लू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा, सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आर-टू-बी. लसीची कुपी शेकडो मात्रांची येते आणि कालवल्यावर बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून सहा कोंबड्यांसाठी कोणी आणत नाही. आम्ही आता दहा-बारा घरं मिळून एकाच सकाळी देतो.

अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर बर्ड फ्लूचा विचार करावाच लागतो. देशात तो पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, २००६ साली नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, तेव्हा मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, खाऊ नका, कोंबडी घेऊन कुठे जाऊही नका, आणि मुलांना लांब ठेवा. पशुसंवर्धन खात्याला १९६२ या फोन नंबरवर कळवा. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारकही आहे.

एकटीच कोंबडी आजारी असेल, म्हणजे अडकलेलं अंडं, न उतरणारी पिशवी, जखम, किंवा २४ तास काही न खाणं, तर परळ गाठा. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे आणि १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही. आम्हाला बोटीने खाडी ओलांडून बोरिवली आणि तिथून परळ, दोन तास जातात. निघायच्या आधी पक्षी बघणारे डॉक्टर आहेत का ते फोनवर विचारा. बरोबर त्या दिवसाची शीट कागदासकट पिशवीत घ्या आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्या.

बरी झाल्यावर

स्वतःहून खाऊ लागली, शीट बांधली गेली, तुरा लाल झाला की लगेच कळपात सोडू नका. चार-पाच दिवस डालगं खुराड्याशेजारीच ठेवा, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. संसर्गाचा आजार होता तर दोन आठवडे तरी लांबच. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर बसून गुंगल्या की, दिवा न लावता तिला त्यांच्यामध्ये बसवा. तांबडं फुटताना उठून जा आणि दाणा एका जागी न टाकता अंगणभर पसरून टाका. सगळ्या टिपण्यात गुंतलेल्या असताना तिला कोणी फारसं टोचत नाही.